पुष्पलताच्या तीन हाका

पुष्पलता लांजेवार सिक्युरिटीत लागली, ही बातमी कुहीकडच्या तिच्या माहेरी पोचली तेव्हा लोक आधी पोट धरून हसले आणि मग विचारू लागले, "कोणती पुष्पलता गा? नत्थूजीची मोठी पोरगी? पाल दिसली का खाटेवर चढे, ते?"

हो बापा, तीच. पालीला भिणारी, विजेला भिणारी, वरातीतल्या फटाक्यांनी कानात बोटं घालून भिंतीला चिकटणारी. कुत्रं नुसतं आळस द्यायला उठलं तरी ही रस्ता बदलायची. अशी बाई साडीवर निळा शर्ट चढवून, डोक्यावर टोपी ठेवून, हातात दांडा घेऊन फाटकावर उभी राहते म्हटल्यावर लोक हसणार नाहीत तर काय करतील? पण हसणाऱ्यांचं काय जातं! तिच्या नवऱ्याची, मारोतरावाची, जिनिंगमध्ये कापसाची गठाण उचलताना कंबर गेली ती गेलीच. घरात कुणीतरी उभं राहायला हवं होतं. पुष्पलता उभी राहिली. भीत भीत, पण राहिली.

"घाबरत तर नाही ना?" असं एजन्सीच्या माणसाने तिला विचारलं होतं. "नाही जी," ती म्हणाली, आणि तेवढ्यात मागे कुणीतरी खुर्ची सरकवली तर ही जागच्या जागी उडाली. माणूस भला होता. त्याने खाली मान घालून हसू गिळलं. फाटकावर बायांची झडती घ्यायला बाईच लागते, आणि त्या महिन्यात दुसरी कुणी आली नव्हती.

नोकरी होती वर्धा रोडकडच्या एका कोरड्या बंदरात. नागपुरात बंदर कसलं म्हणून नाक मुरडू नका. समुद्र राहिला दूर, पण समुद्राची सगळी कटकट इथपर्यंत येते. इथेच कंटेनर भरतात, सरकारी तपासणी इथेच उरकते, दाराला सील लागतं आणि मालगाडीवर चढून ते थेट जहाजापाशी जातात. रिकामे कंटेनरही असेच परत जातात. त्यांनाही सील लागतं, कारण रिकाम्या पेटीत वाटेत कोण काय ठेवील, कोण लपून बसेल, याचा नेम नाही. त्या सिलाची सळी एकदा खटकन बसली की हाताने निघत नाही. कटरने तोडावी लागते, आणि तोडली की का तोडली याचा जाब द्यावा लागतो.

तर रिकामा कंटेनर बंद करण्याआधी आत कुणी नाही ना, हे पाहायचं काम नेमकं पुष्पलताकडे आलं. देवाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं. बाहेर नागपूरचं रणरणतं ऊन आणि समोर हे काळं तोंड. उन्हातून पाहिलं की आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली. साप असेल, चोर असेल, आणि ज्याचं नावही घेऊ नये तेही असेल. मग तिने स्वतःपुरती एक रीत काढली. दारात उभं राहायचं आणि हाक मारायची. "कोण हाय?" थांबायचं. पुन्हा हाक. पुन्हा थांबायचं. तिसरी हाक. तिच्यानंतरही आत शांतता असली की मग बॅटरी पेटवून, रामराम म्हणत थेट मागच्या भिंतीपर्यंत जायचं, भिंतीवर दांडा आपटायचा आणि जवळजवळ पळत बाहेर यायचं.

सगळ्या यार्डात तिची चेष्टा व्हायची. ट्रकवाले ओरडायचे, "बाई, आरती चालू हाय का?" तो बळीराम होता ना, कंटेनर उचलणारं ते लांब मानेचं यंत्र चालवणारा, तो वरच्या केबिनमधून हात जोडायचा. "पुष्पाबाई, आतलं भूतबी थकलं आता. निंघू द्या त्याले!" बळीरामला नाही, पण त्याच्या यंत्राला ती भयंकर भ्यायची. ते गुरगुरत जवळ आलं की अंगावर काटा यायचा, आणि ती रस्ता सोडून थेट भिंतीकडे सरकायची.

आता या तीन हाकांचं मूळ सांगतो, म्हणजे तुम्हीही हसायचं थांबाल.

पुष्पलताची आई पंचफुला हिने पोरींना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. भाताची पेंढी कशी बांधायची, आणि भर दुपारी कुणी हाक मारली तर काय करायचं. बाराची वेळ वाईट. शेतात चिटपाखरू नसतं, तेव्हा बाहेरचं हाक मारतं. आणि मेलं हाक मारतं ते आपल्याच माणसाच्या आवाजात. आईच्या, बहिणीच्या. पण त्याला एकदाच हाक मारता येते, फार तर दोनदा. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. म्हणून पंचफुला बजावायची, "पहिल्या हाकेले ओ देऊ नका. दुसरीलेबी नका देऊ. तिसरी आली त समजजो, माणूस हाय."

तुम्ही म्हणाल, काय हा खुळेपणा. असेल. पण पुष्पलता लहान असताना, तिची धाकटी बहीण गोपिका जेमतेम चालायला बोलायला लागली असताना, भर दुपारी ती पोर एकटीच "आली वं" म्हणत बांधावरून पडक्या विहिरीकडे निघाली होती. कुणी हाक मारली कोण जाणे! कदाचित कुणी नसेलही मारली. पुष्पलताने तिला विहिरीच्या काठावरून झिंज्या धरून मागे ओढलं. त्या दिवसापासून भित्र्या पुष्पलताच्या अंगात आणखी एक भीती भरली, आणि ती तिने बहिणीच्या अंगात घालायचा चंग बांधला. मुद्दाम एकदाच हाक मारायची आणि पोरीने ओ दिली की तिला चिमटा काढायचा. "कोणत्या हाकेले?" "तिसऱ्या, तिसऱ्या! सोड नं ताई!" असं किती वर्षं चाललं. शेवटी गोपिका अशी पक्की झाली की जेवायला बोलावलं तरी तिसऱ्या हाकेशिवाय हलायची नाही. नत्थूजी चिडायचे, "या पोट्टीले पंगतीत कोणी वाढणार नाही!"

गंमत पाहा, बाकी गोपिका कशालाही भ्यायची नाही. साप दिसला तर काठीने बाजूला करायची. नवरा गेला, सासरच्यांनी तोंड फिरवलं, तरी पदर खोचून आईजवळ येऊन राहिली आणि आपल्या काजलला वाढवू लागली. भीती अशी तिला एकच, आणि ती तिला ताईने दिलेली.

यंदा उन्हाळ्यात शेतात काम नव्हतं. पुष्पलतानेच शब्द टाकला आणि गोपिकाला यार्डात रिकामे कंटेनर झाडायचं काम मिळालं. काजल आजीजवळ राहिली. निघताना पंचफुलाने मोठीचा हात धरला. "हिले सांभाळजो वं. हे कायलेच भेत नाही, म्हून मले हिचीच भीती वाटते."

"मी हाय ना माय," पुष्पलता म्हणाली. यार्डात शिरताना हिचेच पाय कापतात, हे आईला कसं सांगणार!

नवतपा लागला. मे महिन्याचे शेवटचे ते दिवस नागपूरकराला सांगायला नकोत. सकाळीच डोळ्यांवर झळ येते आणि डांबर चपलेला चिकटतं. त्या दिवशी गोपिका उठली ती डोकं धरूनच. "जाऊ नको आज," पुष्पलता म्हणाली. "ताई, तुले त सावलीचीबी भीती वाटते," म्हणत तिने हसून दुपट्टा गुंडाळला. ऊन लागू नये म्हणून पुष्पलताने तिच्या कमरेला कांदा खोचून दिला. फाटकावर नियमाप्रमाणे तिचा मोबाईल ताईनेच जमा करून घेतला आणि खणात ठेवला. यार्डात मोबाईल न्यायची कुणाला परवानगी नाही. जाताना परत न्यायचा.

त्या दिवशी नेमके मुंबईहून पाहुणे आले होते. बंदरांची सुरक्षा कशी चालते ते तपासणारे लोक. पांढरी हेल्मेटं, गळ्यात ओळखपत्रं. सुपरवायझर अंकित सकाळपासून घामाने निथळत होता. मनीषनगरात राहणारा तरणा पोरगा, स्वभावाने बरा, पण वरिष्ठ समोर आले की त्याची बोबडी वळायची. तो पुष्पलताजवळ येऊन हळूच म्हणाला, "पुष्पाताई, आज ते तीन तीन हाका प्लीज नका करू. ते लोक पाहून राहिले. हसतात यार. एक आवाज द्या, पाहा आणि बंद करा. गाडी पण लेट होऊन राहिली."

"बरं जी," ती म्हणाली. ती लाजली होती. इतकी वर्षं लोक हसले त्याचं तिला काही वाटलं नव्हतं, पण परक्या साहेबांनी हसावं याची तिला शरम वाटली. कशाला वाटायची ती शरम? पण वाटली, आता काय करणार.

खालच्या रांगेतले कंटेनर वरच्या थप्पीच्या सावलीत होते. झाडणाऱ्या बाया झाडून पुढे गेल्या होत्या, दारं उघडी होती. पुष्पलता एकेका दारात जाऊ लागली. मागून पाहुण्यांच्या बुटांचा आवाज येत होता. "कोण हाय?" एक हाक. बॅटरीचा झोत आत. काही नाही. दार बंद, दांडे खाली, सील खटकन. पुढचा. "कोण हाय?" खटकन. तिसरी हाक मारली की तिला आत जायचं धैर्य यायचं. आज तिसरी हाकच नव्हती, तर धैर्य कुठून येणार? ती दारातूनच पाहत होती. एका कंटेनरच्या टोकाला मालाखाली घालायच्या लाकडी फळ्या उभ्या करून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यामागे जाऊन पाहायला हवं होतं. तिला ते कळत होतं. झोत फळ्यांवर फिरवला, अंधार पाहिला, आणि तिने दार लावून घेतलं. मागून बळीरामचं यंत्र गुरगुरत आलं आणि वरची थप्पी बाजूला करून खालचे एकेक उचलून रुळांवरच्या गाडीवर ठेवू लागलं. सावलीतून उन्हात.

जेवणाच्या वेळी झाडणाऱ्या बाया कडुनिंबाखाली आल्या. गोपिका नव्हती.

"गोपिका कुठी हाय वं?" पुष्पलताने विचारलं.

"तिले भोवळ येऊन राहिली होती. घरी गेली अशीन," एक म्हणाली.

"घरी? मले न सांगता?"

"अवं, संडासात अशीन. तुयं त काहीतरीच. जेव न बाई."

संडासात नव्हती. नळावर नव्हती. पुष्पलताचा घास तोंडातच फिरू लागला. घरी गेली असेल, ती स्वतःला समजावत होती, मारोतरावाला फोन लावू, ते सांगतील. ती फाटकावरच्या चौकीत आली आणि फोन करायला म्हणून तिने खण ओढला. खणात गोपिकाचा मोबाईल होता. त्याच्या कव्हरवर काजलने चिकटवलेलं फुलपाखरू होतं.

मोबाईल घेतल्याशिवाय कुणी फाटकाबाहेर जात नाही. तो हिच्याच हाताने द्यायचा असतो. म्हणजे गोपिका आतच होती.

मग एकदम तिच्या डोळ्यांसमोर त्या फळ्या उभ्या राहिल्या. उभ्या फळ्या, मागे अंधार, आणि खटकन बसलेली सळी. खणाला धरून ती खाली बसली. बंद कंटेनर, नवतप्याचं ऊन आणि गाडीवर उघड्यावर ठेवलेला. आत काय होत असेल हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाहेरून त्या पत्र्याला हात लावला तरी कातडी चिकटत होती.

ती धावली. टोपी कुठे पडली याचा तिला पत्ता नव्हता. अंकित पाहुण्यांजवळ उभा होता. तिने त्याची बाही धरून ओढली. "सायेब, माही बहीण आत हाय. कंटेनरात. मी बंद केली तिले."

"कोणत्या कंटेनरात?"

"मले मालूम नाही."

"ताई, तुम्ही घाबरून राहिल्या. तुम्ही नेहमीच..." एवढं बोलून तो थांबला. ती नेहमीच घाबरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर उगीच घाबरणाऱ्या माणसाने खरंच घाबरायची वेळ आली की हे असं होतं. पुष्पलताने हात पुढे केला. हातात मोबाईल होता, फुलपाखराचा. अंकितने तो पाहिला. मोबाईलचा नियम त्यानेच लावलेला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कटर!" तो ओरडला. "कटर आणा बे कोणी, लवकर! अन् गाडी थांबवा!"

पण तोडायचं कोणतं? एकासारखे एक कंटेनर गाडीवर रांगेने उभे होते. फळ्या कोणत्यात होत्या ते तिला आठवेना. एकेक सील तोडत, दार उघडत, वर चढून आत पाहत जायचं म्हटलं तर किती वेळ जाणार? पुष्पलता रुळांच्या कडेने पळत सुटली आणि दांड्याने पत्रे बडवू लागली. "गोपे! गोपे वं!" एकाला एक हाक, दुसऱ्याला एक हाक. काही उत्तर नाही. नुसती यंत्राची गुरगुर.

आणि धावता धावता ती एकदम थबकली. बाई, काय करून राहिली तू? एकेक हाक? गोपिकाला? ती मरेल पण ओ देणार नाही. चिमटे काढून काढून तूच तर शिकवलं तिला.

तीन हाका मारायला हव्या होत्या, आणि त्या आतून ऐकू यायला हव्या होत्या. मागे बळीरामचं यंत्र आणखी एक कंटेनर उचलून येत होतं. केबिनमध्ये काच बंद, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्या यंत्राचा आवाज आला की ती भिंतीला चिकटायची, त्याच्यापुढे पुष्पलता जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून, डोळे घट्ट मिटून. चाकं तिच्या डोक्याच्या वर होती. ब्रेक किंचाळले, वर लटकलेला कंटेनर झुलला आणि बळीराम काच उघडून ओरडला, "मरायचं हाय का बाई?"

"बंद कर!" ती ओरडली. "बंद कर माह्या बापा, माही गोपी आत हाय!"

त्याने कंटेनर खाली टेकवला आणि इंजिन बंद केलं. अंकितने हात वर करून ट्रकवाल्यांना गप्प केलं. इतकी माणसं उभी, पण सगळं यार्ड असं शांत झालं की तारेवरच्या कावळ्याची नखं ऐकू यावीत.

पुष्पलता गाडीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"गोपे!"

काही नाही. ते तिला माहीतच होतं. पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसतं. ती थांबली.

"गोपे वं!"

काही नाही. ऊन डोक्यावर घणाचे घाव घालत होतं. आता तिसरी हाक मारायची होती. आजवर कशाकशाला भ्याली ती! पाली, विजा, कुत्री, अंधार. ते सगळं भिणं पोरखेळ होता. खरी भीती ही होती. दोन हाकांना उत्तर आलं नाही तरी आशा असते. तिसऱ्या हाकेलाही आलं नाही तर? मग कशाची वाट पाहायची? मग आईला काय सांगायचं, काजलला काय सांगायचं? तोंड उघडलं तरी आवाज फुटेना. अंकित हळूच म्हणाला, "ताई, मारा हाक." बळीराम खाली उतरून हात जोडून उभा होता, आणि आज तो थट्टा करत नव्हता.

"गोपे! मी हाय वं! ताई हाय!"

काही नाही.

पुष्पलता तिथेच गुडघ्यावर बसली. आणि मग बळीराम ओरडला, "ऐका!" पलीकडून, शेवटून दुसऱ्या कंटेनरमधून, ठक असा आवाज आला. लाकूड पत्र्यावर पडावं तसा. पुन्हा एकदा ठक. मग काही नाही.

सळी तुटायला लागला तो वेळ पुष्पलताला आयुष्यभर पुरेल. दार उघडलं तेव्हा आतून आलेली झळ पहिल्या माणसाला मागे ढकलून गेली. या वेळी पुष्पलता कुणासाठी थांबली नाही. हाक मारली नाही, बॅटरी पेटवली नाही. त्या अंधारात ती तशीच शिरली. फळ्यांमागे गोपिका पडली होती, लालबुंद, कोरडी, ओठ फाटलेले. हातात फळीचा तुकडा होता. तिचे डोळे उघडे होते, पण ती कुणाला ओळखत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी वेळ गेला असता तर काही खरं नव्हतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही गोपिका गुंगीत होती. मारोतराव कंबर सावरत येऊन बाकावर बसून राहिले. अंकित आला. पोराचे डोळे सुजले होते. "चौकशी लागली ताई. मी सांगून दिलं, एकच हाक मारायला मीच सांगितलं होतं." पुष्पलता म्हणाली, "फळ्यांच्या मांगं मी नाही पाह्यलं जी. ते तुम्ही नव्हतं सांगितलं." आईचा फोन आला तेव्हा पुष्पलताने "ऊन लागलं तिले, बरी हाय," एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून पदर तोंडात कोंबला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोपिका शुद्धीवर आली. चहा मागितला, काजलची चौकशी केली, सलाईनच्या सुईला शिव्या दिल्या. ते ऐकून पुष्पलता रडली आणि हसली. मग बराच वेळ तिचा हात चोळत बसली. एक गोष्ट तिला विचारायची होती, आणि विचारायला भीती वाटत होती. शेवटी विचारलंच.

"गोपे, दार लावाच्या आधी मी हाक मारली होती वं. आयकू नाही आली तुले?"

"आली ना," गोपिका म्हणाली. "मले भोवळ आली म्हून मी फळ्यांच्या मांगं टेकली होती, दार कवा लागलं तेबी समजलं नाही. तुयाच आवाज होता. तोंडापर्यंत आली होती माह्या ओ."

"मंग काहून नाही देली?"

गोपिकाने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात ना राग होता ना तक्रार. लहानपणी चिमट्याच्या धाकाने बरोबर उत्तर द्यायची, तसंच तिने आताही दिलं.

"येकच हाक आली ना ताई. बाराची वेळ होती. मी दुसरीची वाट पाह्यली. म्हटलं, हे ताई नाही होय. ताई असती त तिनं तीनदा बोलावलं असतं."

पुष्पलताने तिला पाणी पाजायला पेला उचलला. बहिणीच्या ओठांना लागेपर्यंत तो अर्धा चादरीवर सांडला होता.